लांब नळी की आखूड? स्विस रायफलींचा जुना प्रश्न

स्वित्झर्लंडच्या सैनिकाच्या खांद्यावर आज जी रायफल असते तिचं सैन्यातलं नाव श्टुर्मगेवेअर ९० आणि कारखान्यातलं नाव सिग ५५०. तिची नळी ५२८ मिलिमीटरची, एकूण लांबी साधारण एक मीटर, वजन ४.१ किलो. तिचीच धाकटी बहीण सिग ५५१. काडतूस तेच, बोल्ट तोच, मॅगझिन तेच. नळी मात्र ३६३ मिलिमीटरची, लांबी ८३ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन ३.४ किलो. दोन्हींच्या नागरी आवृत्त्या निघाल्या. त्या एका चापात एकच गोळी झाडतात आणि नेमबाजीच्या क्लबांमध्ये वापरल्या जातात. पैसे एकाच रायफलीपुरते असतील तर यातली कुठली घ्यावी, हा प्रश्न तिथल्या नेमबाजांत सतत चर्चेत असतो. स्वित्झर्लंडबाहेर जिथे या रायफली विकल्या गेल्या तिथेही तो पोहोचला.

माझं मत आधीच सांगतो. ज्याला तीनशे मीटरवर नेमबाजी करायची आहे त्याने लांब नळीची घ्यावी. आखूड रायफल दुसऱ्या कामासाठी जन्मली आहे आणि त्या कामात ती उत्तम आहे, पण ते काम खेळाडूचं नाही. मात्र नुसतं मत सांगून हा विषय संपत नाही. स्विस लोक १८८९ पासून या प्रश्नाशी झगडत आले आहेत. त्यांना १९३१ मध्ये जे उत्तर सापडलं ते पाहिलं, की हा वाद मुळात कशाचा आहे ते कळतं.

१८८९ ची श्मिट-रुबिन रायफल तब्बल १३०२ मिलिमीटर लांब होती आणि तिची नळी ७८० मिलिमीटरची. म्हणजे रायफल सरासरी उंचीच्या माणसाच्या छातीपर्यंत यायची. रुडॉल्फ श्मिट यांनी तिची सरळ मागे ओढायची बोल्टयंत्रणा घडवली. थुन इथल्या सरकारी दारूगोळा कारखान्यातल्या एदुआर्ट रुबिन यांनी तिचं साडेसात मिलिमीटरचं काडतूस तयार केलं. एवढी लांबी त्या काळात कुणालाच जास्त वाटत नव्हती. काळ्या दारूच्या दिवसांत वेग मिळवायला लांब नळी लागत असे आणि ती सवय कारागिरांच्या हातात मुरलेली होती. पायदळ दोन रांगांत उभं राहून गोळ्या झाडत असे. मागच्या रांगेतल्या रायफलीचं तोंड पुढच्या माणसाच्या कानाजवळ येऊन चालत नसे. शिवाय संगीन लावल्यावर रायफल भाल्यासारखी वापरायची, त्यामुळे ती लांब असणं फायद्याचंच. या तिन्ही कारणांपैकी एकाचाही अचूकतेशी थेट संबंध नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अडचण पायदळाबाहेरच्यांची होती. तोफखान्यातला, किल्ल्यातला, सायकलवरचा सैनिक एवढी लांब रायफल घेऊन काम करू शकत नव्हता. घोडेस्वाराला तर ती पाठीवर बांधणंही जड जात असे. म्हणून मूळ रायफलीच्या भोवती आखूड आवृत्त्यांचं एक कुटुंब तयार झालं. १९०० ची आखूड रायफल ५९२ मिलिमीटर नळीची आणि सहा गोळ्यांची होती. पुढे १९०५ मध्ये घोडदळाची कार्बाइन आली. प्रत्येक शाखेचं हत्यार वेगळं, त्याचे सुटे भाग वेगळे आणि शिकवण्याची पद्धतही वेगळी.

१९११ मध्ये रुबिन यांच्या काडतुसाची सुधारित आवृत्ती आली. जीपी ११ या नावाने ते आजही ओळखलं जातं. गोळी टोकदार, मागून होडीसारखी निमुळती आणि ११.३ ग्रॅम वजनाची. या काडतुसासाठी दोन रायफली झाल्या. पायदळाला ७८० मिलिमीटर नळीची, ४.६ किलोची लांब रायफल. बाकीच्यांना के-११ ही ५९२ मिलिमीटर नळीची कार्बाइन. लांब रायफलीच्या मागच्या साइटवर २००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले होते आणि कार्बाइनवर १५०० मीटरपर्यंतचे. दोन हजार मीटरवरच्या माणसाला एकट्या सैनिकाने टिपायचं, असा त्या आकड्यांचा अर्थ नव्हता. पूर्ण तुकडीने एका दिशेने गोळ्यांचा पाऊस पाडायचा, त्यासाठी ते होते. मशीनगन आल्यावर त्या कामाची गरजच संपली आणि लांब नळीच्या बाजूने असलेलं सगळ्यात मोठं कारणही तिच्याबरोबर गेलं.

इतर देश वेगळ्या वाटेने गेले. ब्रिटिशांनी बोअर युद्धानंतर लांब रायफल आणि कार्बाइन हा भेदच मिटवला आणि ६४० मिलिमीटर नळीची एकच रायफल सगळ्यांना दिली. तीच आपल्याकडची थ्री-नॉट-थ्री. महाराष्ट्राच्या पोलिसांनी ती कित्येक दशकं वागवली, म्हणून तिची लांबी आणि वजन मराठी वाचकाला चित्रातून तरी नक्कीच परिचित आहे. जर्मनांनी १९३५ मध्ये ६०० मिलिमीटर नळीची के-९८-के स्वीकारली. सगळीकडचा कल एकाच दिशेने होता: नळी थोडी कमी करा आणि सगळ्यांना एकच हत्यार द्या.

बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्यात कर्नल अडॉल्फ फुरर यांच्या हाताखाली जे झालं ते याहून पुढचं होतं, आणि या साऱ्या इतिहासातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तेच. जुन्या श्मिट-रुबिन यंत्रणेत बोल्ट फार लांब होता. तो ज्या खाचांत अडकून बंद होत असे त्या नळीच्या मागच्या टोकापासून दूर, पार मागे होत्या. १८९६ आणि १९११ च्या सुधारणांत त्या थोड्या पुढे आल्या, तरी बोल्ट आणि त्याला सामावणारा पोलादी सांगाडा लांबच राहिला. फुरर यांनी हे कुलूप अगदी पुढे आणलं. काडतूस जिथे बसतं त्या घराच्या लगेच मागे ते बंद होईल अशी रचना केली. त्यामुळे बोल्ट आखूड झाला आणि सांगाडाही. त्यातून वाचलेली जागा त्यांनी नळीला दिली.

त्यातून के-३१ तयार झाली. तिची लांबी ११०५ मिलिमीटर, म्हणजे के-११ कार्बाइनएवढीच. नळी मात्र ६५२ मिलिमीटर, म्हणजे कार्बाइनपेक्षा ६० मिलिमीटर जास्त. वजन चार किलो. हातात धरायला कार्बाइन, आणि मारा लांब रायफलीच्या बराच जवळ जाणारा. नळी लांब ठेवायची की आखूड, हा प्रश्न नळीपाशी उभं राहून सुटत नव्हता. फुरर यांनी बाकीची रायफल आखूड करून तो सोडवला. १९३३ पासून १९५८ पर्यंत अशा सव्वापाच लाखांहून जास्त के-३१ बनल्या आणि लांब रायफल व कार्बाइन या दोन्हींची गरज एकाच हत्याराने भागवली.

के-३१ हातात घेतली की तिचा समतोल पहिल्यांदा जाणवतो. वजन डाव्या तळव्यावर, मॅगझिनच्या किंचित पुढे येतं. बोल्टची मूठ वर उचलावी लागत नाही. सरळ मागे ओढायची आणि सरळ पुढे ढकलायची. त्यामुळे पुढची गोळी भरताना गाल दस्त्यावरून हलत नाही आणि डोळा साइटमागून सरकत नाही. मागे एक जाड कडी आहे. ती ओढून फिरवली की रायफल सुरक्षित होते, आणि हातमोजे घातलेल्या माणसालाही हे जमतं. गोळ्या भरायची क्लिप जाड पुठ्ठ्याची, कडेला पत्र्याची पट्टी लावलेली. वरून बसवायची आणि अंगठ्याने सहा गोळ्या एका दाबात खाली सारायच्या. दस्त्याच्या तळाची पोलादी पट्टी दोन स्क्रू काढून उघडली, तर आत पुष्कळदा घडी घातलेली एक चिठ्ठी सापडते. तिच्यावर त्या रायफलीच्या पहिल्या सैनिकाचं नाव, गाव आणि तुकडी लिहिलेली असते. जुन्या के-३१ विकत घेणारे जगभरचे लोक आधी ती पट्टी उघडून पाहतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली १९५७ ची स्वयंचलित रायफल या चर्चेत फार वेळ थांबण्यासारखी नाही. तिची लांबीही योगायोगाने ११०५ मिलिमीटरच होती. काडतूसही तेच जीपी ११. पण वजन साडेपाच किलोच्या वर गेलं. ती बायपॉडवर टेकवून उत्तम मारा करते, म्हणून तीनशे मीटरच्या मैदानावर तिचे चाहते अजूनही पुष्कळ आहेत. पीई ५७ नावाने तिची नागरी आवृत्ती निघाली. मात्र एवढं वजन खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा सैनिकांना कंटाळा येणारच, आणि पुढच्या पिढीची रायफल हलकी करायची हे त्यातूनच ठरलं.

ती पुढची पिढी म्हणजे सिग ५५०. सिग ही कंपनी १८५३ मध्ये राईन धबधब्याजवळच्या नॉयहाउझन गावात रेल्वेचे डबे बनवायला सुरू झाली. पुढे रायफली हा तिचा मोठा धंदा झाला, आणि २००० मध्ये तो विभाग तिने विकून टाकला. ५५० चं काडतूस ५.६ मिलिमीटरचं आहे, ४.१ ग्रॅम वजनाची गोळी आणि सेकंदाला सुमारे ९०५ मीटर वेग. दस्ता बाजूला दुमडतो. मॅगझिन अर्धपारदर्शक असल्याने आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसतं. पुढच्या हँडगार्डखाली बायपॉड लपवलेला आहे.

आता ५५१ कडे येऊ. ही पोलिसांची, अंगरक्षकांची, गाडीतून उतरून दारात शिरणाऱ्यांची रायफल. तिच्यासाठी नळी १६५ मिलिमीटरने कापली. एवढी नळी कापल्याने नेमकं काय जातं, ते नीट पाहू, कारण या बाबतीत गैरसमज फार आहेत.

पहिला गैरसमज हा, की आखूड नळी म्हणजे कमी अचूक नळी. तसं नाही. गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा पीळ दोन्ही नळ्यांत सारखाच ठेवता येतो. आखूड नळी उलट जास्त ताठ असते आणि गोळी जाताना तिचा थरथराट कमी होतो. दोन्ही नळ्या शिकंज्यात घट्ट बसवून शंभर मीटरवर झाडल्या, तर गोळ्यांच्या ग्रुपमध्ये फरक शोधायला मोजपट्टी लागेल.

जातो तो वेग. गोळी नळीत असेपर्यंतच मागचा वायू तिला ढकलत असतो. या जातीच्या काडतुसात नळी दर २५ मिलिमीटर आखूड झाली की वेग सेकंदाला साधारण आठ ते बारा मीटरने घटतो. म्हणजे १६५ मिलिमीटरमागे सेकंदाला पन्नास ते ऐंशी मीटर. शंभर मीटरवर याने काही बिघडत नाही. तीनशे मीटरवर मात्र हलकी गोळी आधीच बरीच मंदावलेली असते. त्यात सुरुवातीलाच वेग कमी असेल, तर ती हवेत जास्त वेळ राहते, जास्त खाली येते आणि वाऱ्याने जास्त ढकलली जाते. खाली येणं साइटने भरून काढता येतं, कारण ते दर वेळी सारखंच असतं. वारा मात्र दर वेळी वेगळा असतो, आणि नेमबाजाला गुण गमवावे लागतात ते वाऱ्यापायी.

दुसरी गोष्ट साइटची. ५५० च्या मागच्या साइटपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर सुमारे ५४० मिलिमीटर आहे आणि ५५१ वर ते सुमारे ४६६ आहे. फरक किरकोळ वाटतो, म्हणून आकडा मांडूनच पाहू. माशी तुमच्या नजरेत एक दशांश मिलिमीटर बाजूला सरकली, एवढीच चूक धरू. ५५० वर तीनशे मीटरवर ती चूक साडेपाच सेंटिमीटर होते. ५५१ वर तेवढीच चूक साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास जाते. तीनशे मीटरचं लक्ष्य एक मीटर व्यासाचं असतं आणि त्यातलं मधलं वर्तुळ छोटं. तिथे एक सेंटिमीटरसुद्धा वरचा गुण हातून घालवायला पुरेसा आहे. डोळ्यांवर पन्नाशीचा परिणाम झालेल्या नेमबाजाला हा फरक तरुणापेक्षा लवकर कळतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. साइटमधलं अंतर आणि नळीची लांबी या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या रायफली बारकाईने पाहा. त्यांत खरी नळी फार लांब नसते. तिच्या तोंडाला एक पोकळ ट्यूब जोडतात आणि माशी त्या ट्यूबच्या टोकावर बसवतात. गोळी नळीतून लवकर बाहेर पडते, त्यामुळे नेमबाजाच्या हाताची शेवटच्या क्षणाची थरथर तिला कमी लागते, आणि साइटमधलं अंतर तरीही लांब राहतं. माल्टर्सची ग्रुनिग अँड एल्मिगर आणि ब्युत्शविलची ब्लायकर या दोन स्विस कंपन्या अशाच रायफलींसाठी जगभर ओळखल्या जातात. फुरर यांनी सांगाडा आखूड करून जे साधलं, तेच या कंपन्यांनी दुसऱ्या टोकाला केलं: नळी आणि बाकीची लांबी यांचा हिशेब वेगवेगळा केला.

दुर्बीण लावणाऱ्याला साइटच्या अंतराचा हा सगळा मुद्दा लागू होत नाही. त्याच्यासाठी ५५० आणि ५५१ मधलं अंतर पुष्कळ कमी होतं. उरतो तो वेग आणि आवाज. पण स्विस क्लबांच्या सैनिकी रायफलींच्या स्पर्धा लोखंडी साइटवरच होतात, म्हणून तिथे हा मुद्दा निर्णायक ठरतो.

आवाजाकडे लोक खरेदी करताना लक्ष देत नाहीत आणि पहिल्या रविवारी पस्तावतात. आखूड नळीतून दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते. उरलेली आग आणि दाब तोंडाशीच फुटतो. शेजारच्या जागेवर झोपलेल्या नेमबाजाच्या कानाला आणि मनाला त्याचा त्रास होतो. गावांनी वेढलेल्या अनेक स्विस मैदानांवर आवाज अडवायला नेमबाजासमोर खास बोगदे बसवलेले असतात. नळीचं तोंड जितकं मागे राहील तितका त्या बोगद्याचा उपयोग कमी.

याखेरीज ५५१ वर बायपॉड नाही, संगीन लागत नाही आणि तोंडावरून डागायचा ग्रेनेडही बसत नाही. खेळाडूला संगिनीशी आणि ग्रेनेडशी काही कर्तव्य नाही. बायपॉड मात्र त्याला हवाच असतो, कारण झोपून मारा करताना ५५० चा बायपॉड हा तिच्या अचूकतेचा अर्धा आधार आहे. पोलिसांच्या काही तुकड्यांना ग्रेनेडची सोयही हवी होती, म्हणून सिगने ५५१ चीच ४५५ मिलिमीटरच्या आसपास नळी असलेली एलबी आवृत्ती काढली. आखूड रायफल पुन्हा लांब करावी लागली, यातच बरंच काही आलं. माझ्या मते दोन्ही टोकांच्या मधली ही सगळ्यात समजूतदार रायफल आहे, आणि तिच्याबद्दल बोललं मात्र सगळ्यात कमी जातं.

कापायची मर्यादा कुठे येते, हे १९९८ च्या सिग ५५२ ने दाखवलं. तिची नळी २२६ मिलिमीटर, म्हणजे ५५० च्या निम्म्याहून कमी. या रायफली गोळीमागच्या वायूचा थोडा भाग छिद्रातून घेऊन त्यानेच बोल्ट मागे ढकलतात. नळी फार आखूड झाली की ते छिद्र काडतुसाच्या घराजवळ येतं. तिथे दाब प्रचंड असतो आणि गोळी लगेच बाहेर पडत असल्याने तो दाब फार थोडा वेळ टिकतो. यंत्रणेला धक्का जोराचा बसतो, पण ताल बिघडतो. शिवाय पुढे जागाच नसल्याने ५५२ मध्ये परत ढकलणारी स्प्रिंग पिस्टनच्या दांड्यावरून काढून मागे हलवावी लागली. दहा वर्षांनी ५५३ आली तेव्हा ती स्प्रिंग पुन्हा मूळ जागी नेण्यात आली. भारताच्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाकडेही या घराण्यातल्या आखूड रायफली आल्या. विमानाच्या दारात किंवा हॉटेलच्या जिन्यावर काम करणाऱ्या कमांडोसाठी ती निवड योग्यच आहे. तिथे पल्ला पंचवीस-पन्नास मीटरचा असतो आणि वळताना भिंतीला न अडकणारी नळी जीव वाचवते.

आपल्याकडेही हा प्रश्न पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेतल्या अभियंत्यांसमोर आला होता. त्यांनी घडवलेल्या इन्सास रायफलीची नळी ४६४ मिलिमीटरची. पुढे एक्स्कॅलिबर नावाच्या आवृत्तीत ती ४०० वर आणली. सिगच्या एलबी आवृत्तीच्या नळीची लांबी या दोन आकड्यांमध्येच येते. एकाच जातीच्या काडतुसासाठी दोन देशांतल्या माणसांनी जवळपास सारखीच तडजोड केली. २०१९ मध्ये आपल्या सैन्याने ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या. त्यांचं नाव सिगचं असलं तरी त्या अमेरिकेतल्या कंपनीच्या आणि वेगळ्याच घराण्यातल्या आहेत. नॉयहाउझनच्या ५५० शी त्यांचा यंत्रणेचा संबंध नाही. वर्तमानपत्रांत या दोन्हींची गल्लत होते, म्हणून हे सांगितलं.

स्वित्झर्लंडमध्ये हा सगळा खटाटोप तीनशे मीटरभोवती का फिरतो, ते समजून घेतलं पाहिजे. तिथल्या नेमबाजी संघटनेची स्थापना १८२४ मध्ये आराऊ इथे झाली. घरी रायफल बाळगणाऱ्या सैनिकाला दर वर्षी गावच्या मैदानावर वीस गोळ्यांची सक्तीची परीक्षा द्यावी लागते. पंच्याऐंशीपैकी निदान बेचाळीस गुण मिळाले तर उत्तीर्ण. त्याखेरीज फेल्डशीसन हा दर वर्षीचा सण आहे. अठरा गोळ्या, बहात्तर गुण, आणि लाखाच्या वर माणसं. त्यात शाळकरी मुलं असतात आणि ऐंशी ओलांडलेले आजोबाही. लक्ष्य झोपलेल्या माणसाच्या डोक्या-खांद्यांसारख्या आकाराचं. याच मैदानावर एका जागेवर ५५०, शेजारी १९५७ ची रायफल आणि तिच्या पलीकडे आजोबांची के-३१ असं दृश्य दिसतं, कारण सैन्यात वापरल्या गेलेल्या सगळ्या पिढ्यांना तिथे परवानगी आहे. रायफलीची लांबी किती असावी, हे त्या देशात शेवटी या मैदानाने ठरवलं आहे.

कायद्याने मात्र हे चित्र पुष्कळ बदललं. अमेरिकेत सोळा इंचांपेक्षा, म्हणजे ४०६ मिलिमीटरपेक्षा आखूड नळीच्या रायफलीला १९३४ च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. त्यामुळे ५५१ ची मूळ ३६३ मिलिमीटरची नळी तिथे सरळ विकता येत नाही. तिथल्या बाजारातल्या आवृत्त्यांना सोळा इंचांची नळी दिली गेली ती यामुळेच. कॅनडात अर्धस्वयंचलित रायफलीसाठी ४७० मिलिमीटरची सीमारेषा होती. तिच्यापेक्षा आखूड नळी असेल तर रायफल निर्बंधित वर्गात जात असे आणि मान्यताप्राप्त मैदानाबाहेर वापरता येत नसे. आखूड आणि लांब नळीच्या स्विस रायफलींमधली निवड तिथे म्हणूनच फार गाजली. ती निवड चव म्हणून होत नव्हती, परवाना कुठला मिळेल यावर होत होती. २०१४ मध्ये तिथल्या पोलिसांनी या रायफली एकदम बंदीच्या यादीत टाकल्या, २०१५ मध्ये सरकारने ते उलटवलं आणि मे २०२० च्या आदेशाने त्या पुन्हा बंदीत गेल्या. हजारो डॉलर मोजून घेतलेली रायफल कपाटात कुलूपबंद झालेल्या माणसाला नळीच्या लांबीचा वाद आता निरर्थक वाटत असणार.

खुद्द स्वित्झर्लंडमध्ये १९ मे २०१९ च्या जनमतात ६३.७ टक्के मतदारांनी युरोपीय नियमांशी जुळणारा कायदा मंजूर केला. त्याप्रमाणे दस्ता दुमडून साठ सेंटिमीटरपेक्षा आखूड होणारी आणि तशा अवस्थेतही चालणारी अर्धस्वयंचलित रायफल विशेष परवानगीच्या वर्गात जाते. दस्ता दुमडल्यावर ५५१ ची लांबी या रेषेच्या अगदी काठावर येते. ५५३ ती सहज ओलांडते. दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनलाही तसाच नियम आहे. आपण क्लबचे सभासद आहोत किंवा नियमित नेमबाजी करतो, हे खेळाडूने पाच आणि दहा वर्षांनी दाखवायचं असतं. सैन्यातून निवृत्त होताना स्वतःची रायफल घेणाऱ्याला यातून सूट आहे. भारतात अर्धस्वयंचलित रायफल सामान्य परवान्यावर मिळतच नाही, त्यामुळे ही निवड आपल्या इथल्या वाचकासमोर प्रत्यक्ष येणार नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी नेमबाजांसमोर ती येऊ शकते, आणि त्यांनी तिथल्या कायद्याची आजची स्थिती दुकानात जाण्याआधी पाहावी. वर सांगितलेल्या तिन्ही देशांत नियम बदलत आले आहेत.

राहिला प्रश्न कुठली घ्यायची याचा. तीनशे मीटरवर झोपून, लोखंडी साइटने, क्लबच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर ५५० च्या पूर्ण लांबीच्या नळीला पर्याय नाही. तिचं सातशे ग्रॅम जास्तीचं वजन बायपॉडवर असतं, खांद्यावर नसतं. मैदान शंभर मीटरचं असेल आणि रायफलीवर दुर्बीण असेल तर ५५१ ने काही नुकसान होत नाही, पण तेवढ्यासाठी जास्तीची परवानगी आणि शेजाऱ्याच्या कानांवरचा जाच पत्करावा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. दोन्ही हव्या असतील आणि एलबी कुठे मिळाली तर ती सोडू नये. ५५२ आणि ५५३ खेळाडूने घेऊच नयेत.

आणि ज्याला एकच रायफल आयुष्यभर ठेवायची आहे, अर्धस्वयंचलितपणाची हौस नाही आणि कायद्याची कटकटही नको आहे, त्याने मुळात ५५० आणि ५५१ च्या वादात शिरू नये. त्याने चांगल्या नळीची के-३१ शोधावी. नळीच्या तोंडाशी खाचांची झीज झाली आहे का ते आधी पाहावं, मग बोल्ट आणि सांगाड्यावरचे क्रमांक जुळतात का ते पाहावं, आणि लाकडावरचे ओरखडे शेवटी.